यंत्राच्या पोटातील आज्ञा आणि त्यांची दुरुस्ती



आजचा विषय यंत्रांच्या दुरुस्तीचा आहे; परंतु पान्हा, पक्कड आणि तेलाची बुधली यांनी जी दुरुस्ती होते, तिच्याविषयी आम्ही बोलणार नाही. यंत्राचे सर्व अवयव धडधाकट आहेत, तारा जागच्या जागी आहेत, विजेचा पुरवठा ठीक आहे, आणि तरीही यंत्र भलतेच वागते, असा प्रसंग हल्ली वारंवार येतो. अशा वेळी दोष असतो तो यंत्राच्या पोटात लिहून ठेवलेल्या आज्ञांत. हे लिखाण चुकते कसे, आणि ती चूक शोधून काढणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार आज करावयाचा आहे.

या बाबतीत बहुतेकांना एकच उपाय ठाऊक असतो. तो म्हणजे बंद करून पुन्हा चालू करणे. इंटरनेटचा राउटर अडला, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स थिजला, कपडे धुण्याचे यंत्र अर्ध्यावर थांबले, की आपण बटण दाबतो, दहापर्यंत आकडे मोजतो आणि पुन्हा बटण दाबतो. पुष्कळदा यंत्र सुरळीत चालू लागते व आपण समाधान पावतो. हा उपाय निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. आणि काही ठिकाणी त्याच्यावर विसंबणे माणसांच्या जिवावर बेतलेले आहे. एवढी एक गोष्ट आजच्या विवेचनातून ध्यानात आली, तरी आमचे काम झाले असे आम्ही समजू.

फर्मवेअर म्हणजे काय?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे नखाएवढ्या चकतीवर मावलेला संपूर्ण संगणक. त्यात गणित करणारा भाग असतो, आज्ञा साठविण्याची जागा असते, चालू कामापुरते आकडे टिपून ठेवण्याची एक लहानशी पाटी असते, आणि बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी काही पाय असतात. एका पायावर तपमानाची खबर येते, दुसऱ्या पायावरून मोटार चालू करण्याचा हुकूम जातो. इंटेल कंपनीने १९८० साली काढलेला ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून वर्षानुवर्षे शिकविला गेला. त्यात आज्ञांसाठी जागा होती ४,०९६ बाइटची, आणि पाटी होती अवघ्या १२८ बाइटची. आजचे मायक्रोकंट्रोलर याहून पुष्कळ ऐसपैस असले, तरी जागेची काटकसर हा त्यांचा कुलधर्म अजून सुटलेला नाही.

या चकतीत लिहून ठेवलेल्या आज्ञांना फर्मवेअर म्हणतात. विजेचे इलेक्ट्रॉनिक मीटर, मोटारीचे इंजिन, लिफ्ट, रुग्णालयातील सलाइनचा पंप या सर्वांच्या पोटात असे लिखाण असते. टेबलावरच्या संगणकातील आज्ञावलीहून त्याची परिस्थिती तीन बाबतींत निराळी आहे. एक तर, त्याला बहुधा पडदा नसतो. त्यामुळे काय बिघडले हे सांगण्याची त्याला सोय नसते. दुसरे, ते महिनोन्‌महिने अखंड चालते. आणि तिसरे, बाहेरचे जग त्याच्यासाठी थांबत नाही. इंजिनातील ठिणगी ज्या क्षणी पडावयाची त्या क्षणीच पडली पाहिजे.

या तिसऱ्या गोष्टीतून एक नमुनेदार दोष उद्भवतो. चालू काम बाजूस सारून तातडीचे काम करावयाचे, व मग मूळ कामाकडे परत यावयाचे, अशी सोय बहुतेक मायक्रोकंट्रोलरांमध्ये असते. तिला इंटरप्ट म्हणतात. पोळी लाटता लाटता दाराची घंटा वाजली म्हणजे गृहिणी लाटणे ठेवून दार उघडून येते, तसाच हा प्रकार. आता असे समजा, की एक मनुष्य मीटरचा आकडा उतरवून घेत आहे. मीटरवर १९९९ आहे. त्याने डावीकडचे १९ लिहिले, इतक्यात मीटर सरकला आणि २००० झाला. मग त्याने उजवीकडचे ०० लिहिले. कागदावर झाले १९००. मीटर बरोबर होता, लिहिणाराही प्रामाणिक होता, पण आकडा मात्र शंभराने चुकला. लहान मायक्रोकंट्रोलर मोठा आकडा असाच दोन तुकड्यांत वाचतो, आणि दोन तुकड्यांच्या मधल्या निमिषात इंटरप्ट आला तर असेच घडते. लाख वेळा वाचले तर एखादे वेळी हा योग जुळून येतो. आकडा उतरवून घेईपर्यंत क्षणभर दार बंद ठेवावयाचे, एवढाच त्यावर उपाय आहे. उपाय दोन ओळींचा. परंतु रोग ओळखण्यास कित्येक आठवडे लागतात.

एकोणपन्नास दिवसांनी येणारा ताप

दुसरे उदाहरण आपण जरा सविस्तर पाहू. एका गृहसंस्थेच्या गच्चीवरील टाकीत पाणी चढविणारा पंप आहे, आणि तो वीस मिनिटे चालवून थांबविण्याचे काम एका मायक्रोकंट्रोलरकडे आहे, असे समजा. चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद लोटले, याची मोजणी हा मायक्रोकंट्रोलर करतो. त्या मोजणीसाठी बत्तीस द्विमान अंकांची जागा आहे. तीत मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. त्यापुढे गाडी पुन्हा शून्यावर येते. या सर्व प्रवासास ४९ दिवस आणि सुमारे १७ तास लागतात.

आज्ञावली लिहिणाराने सरळ विचार केला: पंप सुरू करतेवेळी जी मोजणी असेल तीत वीस मिनिटांचे १२,००,००० मिलिसेकंद मिळवावे, आणि चालू मोजणी त्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी झाली की पंप थांबवावा. एरवी हे बिनचूक चालते. परंतु मोजणी शून्यावर येण्यास दहा मिनिटे उरली असता पंप सुरू झाला, तर बेरीज जागेत मावत नाही. तीही शून्यावरून फिरून ६,००,००० एवढीच उरते. चालू मोजणी तर चार अब्जांच्या वर आहे. ती बेरजेहून मोठी आहेच. म्हणून पंप सुरू होताक्षणीच बंद पडतो. टाकी रिकामी असल्याने पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. वर लोक पाण्याची वाट पाहत आहेत आणि खाली पंप खडखडतो आहे!

कोणी तरी मुख्य बटण बंद करून पुन्हा चालू करतो. मोजणी शून्यापासून सुरू होते आणि पंप गुणाने चालू लागतो. दुसऱ्या दिवशी कारागीर येतो, दहा वेळा पंप चालवून पाहतो, काहीच दोष दिसत नाही, तेव्हा एक रिले बदलून पैसे घेऊन जातो. पुढे दोन-चार महिने काही होत नाही, म्हणून सर्वांची खात्री पटते की दोष रिलेतच होता.

वस्तुतः दोष बेरजेत होता, आणि त्याचा उपाय घरातल्या घड्याळाकडे पाहून कळण्याजोगा आहे. अकरा वाजता निघालेला मनुष्य दोन वाजता पोहोचला, तर तीन तास लागले हे आपण चटकन सांगतो. दोन हा आकडा अकराहून लहान आहे म्हणून गोंधळत नाही. कारण "किती वाजता थांबावयाचे" असे न विचारता "सुरुवातीपासून किती वेळ झाला" असे आपण विचारतो. आज्ञावलीतही बेरीज काढून वजाबाकी घातली, म्हणजे शून्यावरून फिरणारी मोजणी बाधत नाही. आणि ही दुरुस्ती पडताळून पाहण्यासाठी ४९ दिवस बसून राहण्याचेही कारण नाही. मोजणी शून्याऐवजी शेवटच्या आकड्याच्या एक मिनिट अलीकडून सुरू करावी, म्हणजे एका मिनिटात निकाल समोर येतो.

ही केवळ पाण्याच्या पंपाची कथा समजू नका. बोइंग ७८७ या विमानाची विद्युत्‌जनित्रे सांभाळणाऱ्या यंत्रणेत असाच एक मोजणीचा दोष असल्याचे २०१५ साली अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने जाहीर केले. यंत्रणा सलग २४८ दिवस चालू राहिली, तर सर्व जनित्रे एकदमच काम थांबवू शकतील असे आढळले होते. एकतीस द्विमान अंकांत सेकंदाचे शंभरावे भाग मोजावयास घेतले, तर ती जागा भरण्यास २४८ दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो, हे गणित कोणीही करून पाहावे. खरी दुरुस्ती तयार होईपर्यंत ठरावीक मुदतीत विमानाची वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी, असा हुकूम निघाला. म्हणजे आपलाच घरगुती उपाय. परंतु तो जाणूनबुजून, मुदत ठरवून आणि कारण समजून घेऊन योजलेला. फरक आहे तो येथे.

"फार वेळ" म्हणजे किती?

जेथे मुदत सांगितली गेली नाही, तेथे काय झाले तेही पाहू. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेची पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा उभी होती. ती वेळ मोजत होती सेकंदाच्या दहाव्या भागांत. आता, एक दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत पुरता लिहिता येत नाही. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहू लागलो की तीनाचे आकडे संपत नाहीत, तसेच ते आहे. चोवीस द्विमान अंकांच्या जागेत जेवढे मावले तेवढे ठेवून बाकीचे तोडले होते. त्यामुळे दर दशांशामागे सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागाची चूक होत होती. इतकी चूक कोण मोजतो? परंतु यंत्रणा १०० तास अखंड चालली म्हणजे ३६ लक्ष दशांश झाले, आणि चूक साचून ०.३४ सेकंदांवर गेली. येणारे स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येते. तेवढ्या अवधीत ते अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. म्हणून यंत्रणा त्याला भलत्याच ठिकाणी शोधत राहिली. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी ते सैनिकांच्या निवासावर पडले आणि २८ जण मृत्यू पावले.

या दुर्घटनेची चौकशी वाचताना मन अस्वस्थ होते ते पुढील गोष्टींमुळे. यंत्रणा आठ तास चालली की नेम सरकू लागतो, हे इस्रायलकडून ११ फेब्रुवारीलाच कळविण्यात आले होते. २१ फेब्रुवारीस पेट्रियटच्या तुकड्यांना संदेश गेला की, यंत्रणा फार वेळ चालविल्यास नेम चुकू शकेल. परंतु "फार वेळ" म्हणजे किती, हे त्यात लिहिले नव्हते. बंद करून पुन्हा चालू करण्यास एक-दीड मिनिट पुरले असते. सुधारलेली आज्ञावली धहरानला पोहोचली ती २६ तारखेस, म्हणजे एक दिवस उशिरा. आणखी एक गोष्ट अभ्यासकांनी पुढे दाखवून दिली. वेळेचे गणित अधिक काटेकोर करणारी सुधारणा त्या आज्ञावलीत आधीच काही ठिकाणी घातलेली होती, पण सर्व ठिकाणी नव्हती. सर्वत्र सारखीच चूक असती तर वजाबाकीत ती एकमेकींना छेदून गेली असती. अर्धवट सुधारणेमुळे ती उघडी पडली. दोष एका ठिकाणी सापडला, की त्याची भावंडे कोठे कोठे आहेत हे शोधल्यावाचून दुरुस्ती पुरी होत नाही, याचे याहून दारुण उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दोष पुन्हा घडवून आणणे

वैद्य रोग्याला ताप असतानाच पाहतो. यंत्राच्या बाबतीत ताप आपण होऊन आणावा लागतो. जो दोष हवा तेव्हा घडवून आणता येत नाही, तो गेला असे म्हणण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही.

थेराक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र लहान संगणकाच्या आज्ञांवर चालत असे. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे या यंत्राने सहा रुग्णांना भयंकर जादा मात्रा दिली. त्यांपैकी काही त्यातच दगावले. १९८५ च्या जुलैत कॅनडातील हॅमिल्टन येथे अपघात झाला, तेव्हा तो पुन्हा घडवून आणणे यंत्र बनविणाऱ्या कंपनीस जमले नाही. एका बारीक स्विचवर संशय घेऊन तेथे फेरफार करण्यात आला, आणि सुरक्षितता लाखपटीने वाढली असे सांगण्यात आले. अपघात होतच राहिले. १९८६ च्या वसंतात टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयात तीन आठवड्यांच्या अंतराने दोन अपघात झाले. तेव्हा तेथील भौतिकीतज्ज्ञाने यंत्र चालविणाऱ्या बाईंना शेजारी बसवून, त्यांनी त्या दिवशी कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या हे आठवून आठवून तीच कृती पुनःपुन्हा करून पाहिली. अखेर उलगडा झाला. चुकून भरलेली माहिती सरावलेल्या हाताने आठ सेकंदांच्या आत सुधारली, तर पडद्यावर नवी माहिती दिसे, परंतु यंत्राची मांडणी जुनीच राही. सावकाश काम करणाराला हा दोष कधीच दिसला नसता. याच घराण्यातील आधीच्या थेराक-२० यंत्रातही हा दोष होता; पण तेथे अडसर घालणारी स्वतंत्र विद्युत्‌योजना असल्याने कोणास इजा झाली नाही. नव्या यंत्रात आज्ञावलीवर विश्वास टाकून ते अडसर काढून टाकले होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मंगळावरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले, आणि काही दिवसांनी त्याचा संगणक आपला आपणच बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. यानांत आणि बहुतेक मायक्रोकंट्रोलरांतही "वॉचडॉग" नावाचा एक राखणदार ठेवलेला असतो. आज्ञावलीने ठरावीक वेळात "मी जागा आहे" अशी खूण केली नाही, तर तो सर्व कारभार नव्याने सुरू करून देतो. म्हणजे बंद करून पुन्हा चालू करण्याचा उपाय येथे यंत्राच्या अंगातच भिनविलेला आहे. या राखणदाराने यान वाचविले, हे खरे. परंतु तो धावून का येतो, हे शोधणे उरलेच होते. पृथ्वीवरील जुळ्या संगणकावर अभियंत्यांनी तीच परिस्थिती निर्माण करून दोष घडवून आणला, तेव्हा कारण सापडले. कोठाराची किल्ली घरातील सर्वांत धाकट्या नोकराकडे आहे, आणि घरधनी किल्लीसाठी खोळंबला आहे, अशी कल्पना करा. नोकर किल्ली देण्यास निघतो, पण मधल्या अधिकाराची मंडळी त्याला वाटेत अडवून आपापली कामे सांगत राहतात. घरधन्यासाठी निघालेल्या नोकराला तेवढ्या वेळेपुरता घरधन्याचाच मान द्यावा, हा त्यावर उपाय. तशी सोय त्या प्रणालीत आधीपासूनच होती, ती चालू करावयाची राहिली होती. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून ती चालू करण्यात आली.

दुरुस्तीची शिस्त

या सर्वांवरून दुरुस्तीची जी शिस्त निघते, ती थोडक्यात अशी.

बटण दाबण्यापूर्वी पुरावा टिपून ठेवावा. कोणता दिवा लागला होता, किती दिवस यंत्र सलग चालले होते, त्या क्षणी आणखी काय चालू होते, हे सर्व बटण दाबताच पुसले जाते.

यंत्रात आज जे लिखाण आहे, नेमके तेच आपल्या हातात आहे ना, याची खात्री करावी. कपाटातील प्रत आणि यंत्रातील प्रत निराळी निघाल्याने कित्येकांचे श्रम वाया गेलेले आहेत. मूळ आज्ञांचे यंत्रभाषेत रूपांतर ज्या साधनाने केले, ते साधनही जपून ठेवावे. नव्या साधनाने तेच लिखाण थोड्या निराळ्या गतीने चालू लागते आणि झोपलेले दोष जागे होतात.

दोष पाहू गेले असता तो दडतो, हे ध्यानात ठेवावे. आत काय चालले आहे ते छापून दाखविणारी एक ओळ घातली, की तेवढ्याने गती बदलते आणि दोष दिसेनासा होतो. अशा वेळी मायक्रोकंट्रोलरचा एखादा मोकळा पाय क्षणभर वर-खाली करावा व तो ऑसिलोस्कोपवर पाहावा. त्यात फारच थोडा वेळ जातो.

बदल शक्य तितका लहान करावा, आणि नवी प्रत यंत्रात भरताना वीज गेली तर काय होईल याचा विचार आधी करावा. जुनी प्रत पुसून मग नवी लिहावयाची, अशी रीत असेल तर मध्येच वीज जाताच यंत्र दगड होऊन बसते. जेथे जागा असेल तेथे दोन्ही प्रती ठेवाव्या, आणि नवी नीट चालते असे दिसल्यावरच जुनीला निरोप द्यावा.

टेबलावरच्या परीक्षेवर विसंबून राहू नये. काही प्रचलित मायक्रोकंट्रोलरांत वीज गेल्यावरही टिकणारी जी स्मृती असते, तीत एकाच जागी १,००,००० वेळाच खात्रीने लिहिता येते. दर सेकंदास एकदा लिहिणारी आज्ञा कोणी सहज घातली, तर ही मर्यादा अठ्ठावीस तासांच्या आतच संपते. परीक्षा तासाभराची असेल, तर हे कोणाच्या लक्षात येणार?

आणि शेवटी, बदल का केला ते लिहून ठेवावे. काय बदलले हे आज्ञांकडे पाहून कळते. का बदलले, हे लिहिणारा गेल्यावर कोणालाच सांगता येत नाही.

लिखाण माणसाहून दीर्घायुषी असते

व्हॉयेजर-१ हे यान १९७७ च्या सप्टेंबरात निघाले. २०२३ च्या नोव्हेंबरात ते अर्थहीन संदेश पाठवू लागले. यान २,४०० कोटी किलोमीटरवर. एक आज्ञा पोहोचण्यास साडेबावीस तास, उत्तर येण्यास तितकेच. कारण शोधण्यासाठी अभियंत्यांना कित्येक दशकांपूर्वीची मूळ कागदपत्रे धुंडाळावी लागली. माहिती जुळविणाऱ्या संगणकातील स्मृतीचा सुमारे तीन टक्के भाग, एक चकती निकामी झाल्याने, नासला होता. तेथील आज्ञा उचलून दुसरीकडे ठेवाव्या, तर तेवढी सलग जागा कोठेच नव्हती. तेव्हा त्यांचे तुकडे करून जेथे जागा मिळेल तेथे बसविले, आणि त्या तुकड्यांकडे बोट दाखविणाऱ्या इतर सर्व आज्ञाही दुरुस्त केल्या. १८ एप्रिल २०२४ रोजी पहिला तुकडा पाठविला. २० एप्रिलला यानाने कित्येक महिन्यांनंतर समजेल असे उत्तर दिले. सेहेचाळीस वर्षांपूर्वी कोणी तरी नीट लिहून ठेवले होते, म्हणून हे साधले.

आमच्या तरुण अभियंत्यांना आमचे सांगणे आहे, की नवे लिहिण्याचा मान मोठा आणि जुने सांभाळण्याचे काम हलके, ही समजूत टाकून द्यावी. ज्या संस्था लिफ्ट, मीटर, रुग्णालयातील यंत्रे विकत घेतात, त्यांनी किंमत आणि हमी यांच्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावे: यातील फर्मवेअर कोण सांभाळणार, किती वर्षे सांभाळणार, आणि ती कंपनी उद्या नसली तर ते लिखाण कोणाच्या हाती राहणार? आणि आपण सर्वांनी, यंत्र अडले असता बटणाकडे हात नेण्यापूर्वी, घड्याळात किती वाजले आणि कोणता दिवा लागला आहे एवढे एका चिठोऱ्यावर लिहून ठेवावे. जो कोणी ते यंत्र खरोखर दुरुस्त करणार आहे, त्याला त्या चिठोऱ्याचा उपयोग होईल.